परतीचा चढ आधी मोजा: इंदुरात पहिली रोड बाइक घेताना

सायकलच्या दुकानात शिरलेला नवखा माणूस दोन गोष्टी हमखास विचारतो: वजन किती आणि गिअर किती. चाळीस-पंचेचाळीस हजारांच्या आत या दोन्ही उत्तरांनी फारसं काही ठरत नाही. या किमतीतली बहुतेक नवी रोड बाइक साडेदहा-साडेअकरा किलोच्या आसपासच भरते, आणि ‘सोळा गिअर’ म्हणजे पुढच्या दोन चकत्या गुणिले मागच्या आठ, एवढंच. विचारायचा प्रश्न तिसराच आहे. तिचा सगळ्यात हलका गिअर किती हलका?

इंदूरकरांनी तर तो विचारायलाच हवा, कारण आपलं गाव माळव्याच्या पठारावर आहे. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, आणि नर्मदाकाठचं महेश्वर साधारण १५० मीटरवर. म्हणजे दक्षिणेला निमाडाकडे कुठेही निघा, जाताना उतार आणि येताना चढ. खंडवा रोडने सिमरोल ओलांडलं की भेरूघाट उतरून चोरल. महूवरून मंडलेश्वरकडे निघालं की पठाराच्या अगदी कडेवर अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा लागतो, आणि त्याच्या पलीकडे रस्ता थेट खाली निमाडात उतरतो. पुणेकर सकाळी ताज्या पायांनी सिंहगड चढतो आणि घरंगळत घरी येतो. आपल्याला घाट भेटतो तो परतीच्या वाटेवर, ऊन डोक्यावर आल्यावर, बाटलीत दोन घोट उरलेले असताना. दुकानासमोर किंवा सुपर कॉरिडॉरवर चालवून बघाल तर कुठलीही गाडी छानच वाटेल, तिथे चढ आहेच कुठे?

दात्यांचा हिशेब

पुढच्या चकतीचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते. पायडल एकदा पूर्ण फिरलं की मागचं चाक तितके फेरे घेतं. ७०० बाय २८, म्हणजे २८ मिलिमीटर रुंद टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१३ मीटर असतो. चढावर नवख्याचे पाय मिनिटाला ७० फेऱ्यांवर राहिले तर गुडघे शाबूत राहतात, त्याखाली गेले की सगळा जोर गुडघ्यावर येतो.

आता उदाहरणं बघा. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर ७० फेऱ्यांना वेग पडतो ताशी ९ किलोमीटर. ३४ला ३२ असेल तर साडेनऊ. ३४ला २८ म्हणजे जवळपास ११. आणि पुढे एकच ४४ दात्यांची चकती, मागे १४ ते २८, अशी सात गिअरची स्वस्त गाडी असेल तर तिच्या सर्वांत हलक्या गिअरमध्येही ताशी १४. म्हणजे सात टक्क्यांच्या चढावर एक तर तुम्ही १४ने चढा, नाहीतर पाय मिनिटाला चाळीस-पंचेचाळीसवर आणून एकेक पायडल दाबत बसा.

१४ने चढणं किती अवघड? माणूस ७० किलोचा आणि गाडी ११ किलोची धरली, तर सात टक्क्यांच्या चढावर ताशी ९ने जायला साधारण १५० वॉट लागतात. ताशी १४ने जायला २४० ते २५०. धडधाकट पण नव्याने सुरुवात केलेला माणूस १५० वॉट अर्धा तास काढू शकतो. २५० काढायला वर्ष-दोन वर्षांची तयारी लागते, आणि तीही प्रत्येकाची होत नाही. याच हिशेबात वजन घालून बघा: गाडी एक किलोने हलकी झाली तर त्या चढावर सव्वा टक्का ताकद वाचते, अर्ध्या तासाच्या चढणीत वीसेक सेकंद. त्या एका किलोसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजणारे आहेत. मोजोत बापडे.

तेव्हा पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२ किंवा ११-३४, एवढं मिळालं तर डोळे झाकून पुढचा विचार करा. पुढे ४८-३२ किंवा ४६-३० असेल तर आणखी बरं. वरचा वेग कमी पडेल ही भीती फोल आहे: ४६ला ११ या गिअरमध्ये मिनिटाला ९० फेऱ्यांना ताशी ४८ पडतात. तेवढं सपाटीवर काढणारा माणूस हा लेख वाचत बसणार नाही. जुन्या रेसिंग गाड्यांवर ५३-३९ आणि मागे फार तर २५ असायचे, सेकंड हँड बाजारात अजूनही दिसतात. दिसायला देखण्या, पण जाम दरवाज्याच्या खालून वर यायला नकोत.

दाते किती हे विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर सोडू नका. मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, बहुधा आतल्या अंगाला, ३२ टी किंवा ३४ टी असा शिक्का असतो, मोबाइलचा टॉर्च लावून स्पोकच्या मधून वाचता येतो. तो नसेल तर एका दात्यावर खडूची खूण करून मोजा. दोन मिनिटांचं काम आहे. पुढच्या चकत्यांवर आकडा बाहेरूनच दिसतो.

शिफ्टर आणि मागचा हब

गिअरचे संच बनवणाऱ्या शिमानोची उतरंड खालून वर अशी (आकडा मागच्या चकत्यांचा): टूर्नी सात गिअर, क्लॅरिस आठ, सोरा नऊ, टियाग्रा दहा, मग ‘१०५’ नावाचा संच. नव्या काही गाड्यांवर आता शिमानोचाच क्यूज संच दिसतो. तो वाईट नाही, पण त्याचे शिफ्टर (गिअर बदलायच्या हँडलवरच्या कळा) आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) जुन्या क्लॅरिस-सोराशी जुळत नाहीत, हे सुटे भाग घेताना लक्षात ठेवा. मायक्रोशिफ्टचे आठ गिअरचे शिफ्टरही काही गाड्यांवर येतात. त्यात ब्रेकच्या लिव्हरमागे दोन छोट्या पट्ट्या असतात, हाताला जरा ढोबळ लागतात, पण काम चोख.

टूर्नीबद्दल एकच मोठी तक्रार आहे. तिच्या शिफ्टरवर गिअर बदलायचं एक बटण अंगठ्याशी, लिव्हरच्या आतल्या बाजूला असतं. हात वर असताना ठीक, पण हँडलच्या खालच्या वाकात हात असताना अंगठा तिथे नीट पोचत नाही. घाट उतरताना हात नेमके खाली असतात, कारण तिथून ब्रेकला जोर जास्त मिळतो. क्लॅरिसपासून वर हे दुखणं नाही.

त्याहून महत्त्वाचा, पण सहसा कोणी न विचारलेला मुद्दा म्हणजे मागच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, चकत्यांचा जुडगा फ्रीव्हील पद्धतीचा आहे की कॅसेट. फ्रीव्हील हबवर आटे घालून कसलेलं असतं आणि उजवीकडचं बेअरिंग त्याच्या आत, चाकाच्या मध्याकडे राहतं. त्यामुळे उजवीकडे एक्सलचा, म्हणजे चाकाच्या आसाचा, लांब तुकडा आधाराशिवाय उरतो. जड माणूस, खड्डा, आणि एक्सल वाकतो, कधी तुटतोही. कॅसेट हबमध्ये बेअरिंग पार कडेला असतं, एक्सल वाकणं दुर्मीळ. ओळखायचं कसं? मागच्या चकत्या हाताने उलट्या फिरवा आणि मधल्या खाचा असलेल्या कड्याकडे बघा. चकत्यांबरोबर तेही फिरलं तर कॅसेट, जागेवर राहिलं तर फ्रीव्हील. तुमचं वजन ८० किलोच्या वर असेल तर फ्रीव्हीलची गाडी घेऊच नका असं मी म्हणेन. कॅसेटचा आणखी एक फायदा: आठ, नऊ आणि दहा गिअरच्या शिमानो रोड कॅसेट त्याच हबवर बसतात. पुढे क्लॅरिसची सोरा करायची झाली तर चाकं बदलावी लागत नाहीत.

नव्या गाड्यांचे भाव साधारण असे पडतात. पंचवीस ते पस्तीस हजारांत ॲल्युमिनियमची फ्रेम आणि सात-आठ गिअर, पस्तीस ते पन्नासमध्ये क्लॅरिस, त्यापुढे सोरा आणि कार्बनचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा). वीस हजारांखाली ‘रोड बाइक’ म्हणून जे विकलं जातं ते बहुधा वळलेलं हँडल लावलेली लोखंडी गाडी असते. तेवढंच बजेट असेल तर साधी सरळ हँडलची हायब्रिड किंवा चांगली सेकंड हँड बघा. आणि चाळीस हजारांत कोणी अनोळखी नावाची पूर्ण कार्बन फ्रेम देतो म्हणाला तर चहा पिऊन उठा.

स्टिकरवरची किंमतही तपासा. २२ सप्टेंबर २०२५पासून सायकल आणि तिच्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. जुना माल जुन्या स्टिकरवर विकायला काढला असेल, तर ४० हजारांवर अडीच हजारांचा फरक पडतो.

माप

दुकानात मापाची गाडी नसेल तर ‘सीट वर-खाली करून देतो, बसून जाईल’ हे वाक्य ऐकू येतं. सीट वर-खाली होते, फ्रेमची लांबी होत नाही.

घरीच मोजा. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये, कणा वरच्या बाजूला, सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबायचं, आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत कोणाकडून तरी मोजून घ्यायचं. समजा ७८ सेंटिमीटर आलं. त्याला ०.६६ने गुणलं की साडेएक्कावन्न, म्हणजे ५१-५२ची फ्रेम जवळची. त्याच आकड्याला ०.८८३ने गुणलं की ६९, ही क्रँकच्या, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या, आसाच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. सुरुवात तिथून करा, मग अर्धा-अर्धा सेंटिमीटर हलवा. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्यामागची शीर ओढली जात असेल किंवा मागून बघणाऱ्याला तुमचं कंबरडं डावं-उजवं हलताना दिसत असेल, तर वर आहे.

दोन मापांच्या मध्ये अडकलात तर लहान घ्या. लहान फ्रेमवर सीटचा दांडा वर काढता येतो. मोठी फ्रेम घेतली तर हात ताणून मान आणि तळवे दुखतात, आणि तिथे इलाज फार तर स्टेम, म्हणजे हँडल धरणारा पुढचा तुकडा, आखूड करण्याचा. शंभर मिलिमीटरचा स्टेम ऐंशीचा करणं ठीक, सत्तरच्या खाली गेलं की हँडल चंचल होतं.

टायर, काटे, ब्रेक

२८चं टायर बसेल अशी फ्रेम हवीच, ३२ बसलं तर उत्तम. रिम ब्रेकच्या (चाकाच्या कडेवर रबर दाबणाऱ्या ब्रेकच्या) नेहमीच्या आखूड कॅलिपरमध्ये, म्हणजे चिमट्यात, २८च्या पुढे जागा नसते. टायर आणि फ्रेम यांच्यात दोन्ही बाजूंना किमान ४ मिलिमीटर मोकळे दिसले पाहिजेत, नाहीतर पावसाळ्यात आपली काळी माती तिथे अशी काही भरते की चाक फिरायचं थांबतं. ७० किलोच्या माणसाला २८च्या टायरमध्ये पुढे ६५-७० आणि मागे ७५ पीएसआयच्या आसपास हवा पुरते. २५च्या टायरला ८५ ते ९५ लागते, आणि बायपासच्या सर्व्हिस रोडवर ती दातांना जाणवते. हवा कमी असताना खड्ड्यात गेलं की ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चिमटली जाते, दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. भोक एकच आणि बारीक असेल तर काटा समजा, बाभळीचा नाहीतर गोखरूचा. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून एक फडकं फिरवा. जिथे ते अडकेल तिथे काटा अजून रुतलेला आहे. तो न काढता ट्यूब बदलली तर शंभर मीटरवर पुन्हा तेच.

कोपऱ्यावरचा पंक्चरवाला या बाबतीत फारसा कामाचा नाही, त्यात त्याचा दोष नाही. या ट्यूबच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला त्याचं नोजल बसत नाही, दहा-वीस रुपयांचं पितळी ॲडॉप्टर लागतं. ते बसवूनही काँप्रेसरने हवा भरायची तर सांभाळून, कारण या टायरमध्ये हवा मावतेच थोडी आणि क्षणात ट्यूब फुटते. मोटारसायकलच्या ट्यूबसाठीचं गरम पंक्चर तर या पातळ ट्यूबला लावूच देऊ नका. गेज असलेला पंप घरी ठेवा आणि पंक्चर काढायला स्वतः शिका.

ब्रेकबद्दल माझं मत सरळ आहे: स्वस्त गाडीवरच्या सुमार मेकॅनिकल (केबलने ओढल्या जाणाऱ्या) डिस्कपेक्षा बरा कॅलिपर रिम ब्रेक चांगला. स्वस्त डिस्कमध्ये बहुधा एकच पॅड हलतो, तो झिजला की केबल आणि आतला पॅड सारखा सरकवत बसावं लागतं, शिवाय वजन वाढतं. डिस्कचा खरा फायदा पावसात. रिम ब्रेकच्या रबरात चिखलातले खडे रुततात आणि रिम खरवडतात. म्हणून पावसाळ्यात दर दोन-तीन राइडनंतर रबराचे ठोकळे बघून टोकदार वस्तूने खडे काढायचे. वर्षभर, भर पावसातही चालवणार असाल तर डिस्क घ्या. घाट उतरताना मात्र दोन्हीला नियम एकच: ब्रेक सतत घासत ठेवू नका, वळणाआधी जोरात धरा, मग सोडा.

गाडीशिवायचे पैसे

एकूण ४५ हजार असतील तर गाडीसाठी ३६ धरा. हेल्मेट १८००, गेजचा पंप १२००, दोन जास्तीच्या ट्यूब ७००, टायर काढायचे लिव्हर आणि छोटा हातपंप ९००, पुढचा-मागचा दिवा १५००, कुलूप ५००, गादीची चड्डी १२००, चेनचं तेल ३००, बाटली आणि तिचा पिंजरा ४००. झाले साडेआठ हजार. भाव थोडे पुढे-मागे होतील. क्लीटचे (पायडलमध्ये अडकणारे) बूट आणि त्यांचे पायडल पहिल्या वर्षी नकोत, त्यापेक्षा ते पैसे मागच्या मोठ्या कॅसेटवर घाला.

सेकंड हँड

याच पैशांत सेकंड हँडमध्ये एक पायरी वरची गाडी मिळते, पण बघता यायला हवं. आधी बिल आणि क्रँकच्या खालचा फ्रेम नंबर जुळवा. बिल नसेल तर सोडा. मग फ्रेम ओल्या फडक्याने पुसून हँडलजवळचा सांधा खालून बघा, तिथे रंगात केसासारखी रेघ किंवा फुगा दिसला तर पुढे बोलू नका. रिमच्या बाजूवर बोट फिरवा, वाटीसारखा खोलगटपणा लागला तर चाक बाद. मागून बघा, डिरेलरचा पिंजरा चकत्यांशी सरळ रेषेत आहे का. आत वळलेला असेल तर गाडी उजवीकडे पडलेली आहे, हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरणारी पट्टी, सरळ करावा लागेल. सीटचा दांडा सोडवून हलवायला सांगा, वर्षानुवर्षं न हललेला दांडा ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये असा धरतो की कापावा लागतो.

चेन पट्टीने मोजा. पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत बारा पूर्ण जोड (एक आतला आणि एक बाहेरचा दुवा मिळून एक जोड) ३०४.८ मिलिमीटर भरतात. ३०६च्या पुढे गेली तर चेन बदलायची वेळ आली. ३०८ असेल तर कॅसेटही गेली समजा आणि तेवढे पैसे भावातून कमी करा. शिफ्टर दाबल्यावर ‘टक’ न होता नुसता रिकामा हलत असेल तर घाबरू नका, जुन्या शिमानोमध्ये आतलं ग्रीस वाळून असं होतं. डीग्रीझर मारून बऱ्याचदा सुटतं, पण भाव करताना मात्र तो बिघाडच म्हणायचा.

ताब्यात घेताना

नवी गाडी खोक्यातून येते आणि दुकानातला पोऱ्या ती घाईत जोडतो. पुढचा फोर्क उलटा बसवलेला नाही ना, ते आधी बघा. रिम ब्रेकच्या गाडीवर ब्रेक फोर्कच्या पुढच्या बाजूला असला पाहिजे. हसू नका, असं होतं. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. जबरदस्तीने कसलं असेल तर क्रँकचे आटे गेले, आणि ते कळतं महिन्याभराने, पायडल गळून पडल्यावर. दोन्ही चाकं उचलून फिरवा, ब्रेकजवळ रिम डावं-उजवं हलताना दिसली तर आउट काढून घ्या. स्टेमचे बोल्ट ५ न्यूटन-मीटरला पुरतात, पोऱ्याच्या मनगटाला ते माहीत नसतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मागच्या डिरेलरच्या आतल्या मर्यादा-स्क्रूची. तो सैल असेल तर चढावर तुम्ही सगळ्यात हलका गिअर टाकता आणि चेन मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये जाते. डिरेलर, हँगर, पाच-सहा स्पोक, सगळं एका झटक्यात. म्हणून दुकानातच मागचं चाक उचलून, पायडल फिरवत, मोठ्या चकतीवर चेन न्या आणि शिफ्टर आणखी जोरात दाबून बघा. ती तिथेच थांबली पाहिजे.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरमध्ये केबल ताणून बसतात आणि गिअर कुरकुरायला लागतात. डिरेलरवर केबल जिथे शिरते तिथली गोल घुंडी पाव-पाव फेरा घड्याळाच्या उलट दिशेने सोडा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच आवाज जातो. नवे स्पोकही याच काळात सैलावतात, तेव्हा मोफत सर्व्हिसिंग दीडशेच्या आसपास करून घ्या. निमाड उतरायचं त्यानंतर.